हाताला कळतं

रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेरी आता एकटा बाप होता, सटवा मेंढरंवाला. ती बाळंत झाल्यावर सातव्या दिवशी आशाताई उज्ज्वला बाळाचं वजन करायला आल्या, तर तो दारातच काठी आडवी घेऊन बसला होता.

"चार दिसांखाली तर तोललं. पुन्यांदा कावून?"

"आबा, वाढ बघावी लागते. वहीत लिहावं लागतं."

"धनगराला शिकवता व्हय? जनावर काट्याला कवा लावत्यात, मला ठावं हाय. गिऱ्हाईक ठरल्यावर!"

"अहो, लेकरू हाय ते!"

"म्हनूनच म्हनतो, निघा. आमाला काटा लागत न्हाई. हाताला कळतं."

वही, काटा, झोळी पिशवीत भरून उज्ज्वला निघाल्या. त्या वळणाआड होईपर्यंत सटवाची नजर त्या पिशवीवरून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं दार उघडलं, तर पायरीवर सटवा बसलेला. धारूरच्या डोंगरात मेंढरं सोडून आला होता.

"ताई, तुमचा तो काटा घ्या अन् चला. काल नातीला उचललं, तर हलकी लागली."

"आबा, घाबरू नका. तुमचा हात चुकला बी असंल."

"हात चुकत न्हाई, ताई. रोहिणीच्या मायला खाटंवरून उचलायचो, तवा ती बी अशीच रोज हलकी लागायची." तो काठीकडे बघत राहिला. "तवा बी म्या कुनाला दारात येऊ दिलं न्हाई."