बिस्किटाचा भुगा

दालचिनी आणि लवंगेच्या वासाच्या वाळूच्या दोन वाट्या समोर ठेवल्या की गुंड्या सरळ दालचिनीच्या वाटीकडे जाऊन उकरू लागे. दालचिनीखाली बिस्किट, लवंगेखाली काही नाही, हे या उंदराला ऑपरेशनच्या आधी शिकवलं होतं. ऑपरेशनमध्ये मेंदूतला आठवणींचा भाग निकामी केला, तरी पठ्ठ्या चुकत नव्हता.

प्रयोगशाळेत हा प्रयोग करणारी ती विद्यार्थिनी हरखली होती. एका उंदरापायी एवढं हरखायला तिला कारणही होतं. तिचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, तेव्हापासून तो कुणालाच ओळखत नव्हता. आई तेवढी म्हणायची, मला ओळखतो, मी जवळ गेले की मान वळवतो. डॉक्टर ऐकून घेत आणि पुढच्या खाटेकडे वळत.

तिला शिकवणाऱ्या मॅडमनी वाट्या पाहिल्या आणि विचारलं, लवंगेच्या वाळूत भुगा मिसळलास ना? तिने जीभ चावली. बिस्किटाचा भुगा दोन्हीकडे मिसळायचा असतो, नाहीतर उंदीर बिस्किटाच्याच वासावर जातो. एवढी साधी गोष्ट, आणि ती विसरली होती. तिने बिस्किटं मुठीत चुरून दोन्ही वाट्यांत कालवली. गुंड्याने इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं आणि तो खुशाल लवंगेची वाळू उकरू लागला.

"त्याला काही आठवत नव्हतं गं," मॅडम म्हणाल्या. "नुसती भूक होती."

एरवी ती हात धुऊनच निघायची. आज राहिलंच.

हॉस्पिटलात आई नेहमीसारखी पिशवीतून बिस्किटं काढत होती, दुधात भिजवून भरवायला. ती पिशवी बघून तिला लवंगेची वाटी आठवली. आईला सांगावं की न सांगावं, तिला कळेना. उगाच काहीतरी करायचं म्हणून ती भावाचं पांघरूण सारखं करू लागली.

भावाने मान वळवली. तिच्या बोटांपाशी नाक आणलं आणि तिथेच ठेवलं. अपघातानंतर तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला होता.

आईचे डोळे भरून आले. "अगं बाई, आज तुलाही ओळखलं बघ."

तिच्या नखांत भुगा अडकला होता. तिने हात मागे घेतला नाही.

"हो आई," ती म्हणाली. "ओळखलं."

दुसऱ्या दिवशी वाट्यांत भुगा कालवून झाला, उंदीर पिंजऱ्यात गेले. ती बेसिनपाशी आली, नळ सोडला. मग तसाच बंद केला आणि हॉस्पिटलात जायला निघाली.