जहाज कुणाचं?

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही रीत सटवाजी तिच्या लग्नापासून पाळत होते. झरीहून मुंबईला येताना ते भाकरी बांधून आणत आणि लेक दैवशाला बापासाठी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवी. यंदा जावयानं दोघांना बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर जेवायला नेलं. तिथल्या बड्या हॉटेलात तो आचारी होता. झुंबराखालच्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर सटवाजींनी सवयीनं भाकरीचं फडकं सोडलं. लेकीनं समुद्राकडं तोंड फिरवलं. बापाचा हात थांबला. “जावईबापू, हे जहाज तुमचं का?” “न्हाई मामा, कंपनीचं.” “आन् हितली चूल?” “ती बी कंपनीचीच.” सटवाजींनी सुटल्यासारखं हसून फडकं जावयापुढं सरकवलं. “मंग ही भाकर तुमी खावा.” मग रिकामी बशी लेकीपुढं धरली. “तू वाढ, बाई.” दैवशालानं इतका भात वाढला, की टेबलावर सांडला. सटवाजी म्हणाले, “आजून.”