पिवळ्या भुकटीतली वाट

कुरुंद्यात जनकाबाईच्या हळदीचं पॉलिश झालं आणि अंगणभर पिवळी भुकटी बसली. तेव्हापासून रोज दुपारी ती घरात डुलकी काढून उठली, की भुकटीत सापाची नागमोडी वाट दिसायची, घरातून निघून लिंबाखाली जाऊन परत आलेली. साप धरणाऱ्या कुलदीपनं घर उलथंपालथं केलं. "मावशी, आत काहीच न्हाई," म्हणाला.

आज डुलकीत पोटाखालून ऊन ऊन माती सरकत गेल्यासारखं तिला वाटलं. फार बरं वाटलं.

"आत्याबाई, हालू नका!" दारातून सून राणी ओरडली. "जनावर तुमच्याकडंच आलंय!"

जनकाबाईनं डोळे उघडले. ती लिंबाखाली होती. दारापासून तिच्यापर्यंत नागमोडी वाट ताजी उमटली होती.

तिचं पाऊल मात्र एकही नव्हतं.