समासातली बडबड

ऋतुजा कॉलेजसाठी नांदेडला गेली आणि उदगीरचं घर सुनं झालं. एका दुपारी आरतीनं लेकीची प्रेमकादंबरी उघडली. "कसली फालतू पुस्तकं वाचायलीस!" म्हणून ती नेहमी ओरडायची.

पानांच्या कडेला ऋतुजानं पेन्सिलीनं मतं लिहिली होती. ‘हिरो लई भाव खातो.’ ‘अगं, सोड त्याला!’ लेक शेजारी बसून बडबडत असल्यागत आरती हसत पानं उलटत गेली. नायिका आईला सगळं सांगून टाकते, त्या पानावर बारीक अक्षरांत होतं, ‘हे आईला वाचून दाखवायचंय. पण ती चिडेल.’

आरतीनं डोळे पुसून फोन लावला.

"ऋतू, एकशेचाळीसाव्या पानावर थांबलेय मी. दिवाळीत आलीस की पुढचं तू वाचून दाखव."