चांगलं चालणारं घड्याळ

नागपूरच्या गिरणीत लागलेल्या पोरानं पाठवलेलं गजराचं घड्याळ सुगराबीनं ओढणीखालून काढलं आणि धामणगाव बढेच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या उत्तमरावांपुढं ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं, गजर वाजवून पाहिला.

"चाची, हे त मस्त चालून राह्यलं. काऊन आणलं?"

"काय कामाचं भाऊ ते? नुस्तं बोंबलते अन् चूप होते. माणूस उठलं का मेलं, त्याले काय त्याचं."

रमजानात सहरीसाठी, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, गाव जागवायचं काम म्हाताऱ्या फकीर मोहम्मदचं. दरसाल तो तिच्या दाराशी यायचा, "सुगराबी, उठली का?" म्हणून हाक द्यायचा आणि आतून 'हाव' आल्याबिगर हलायचा नाही. यंदा पहिल्याच पहाटे त्यानं आतला गजर ऐकला. या घराला आता आपली गरज नाही असं समजून तो तेव्हापासून न थांबताच पुढं जाऊ लागला.

"मंग चावी नका देऊ त्याले," तिच्याकडून हे ऐकून उत्तमराव म्हणाले.

"अन् फकीरभाईले काय सांगू? बिघडलं म्हणून? रोजा धरून खोटं बोलू?" तिनं घड्याळ त्यांच्याकडं सरकवलं. "तुम्ही खरंच बिघडवून द्या."

उत्तमरावांनी घड्याळ हातात घेतलं. "अन् त्यानं एखाद्या दिवशी हाक नाही देली त? सहरीले उठसान कशा?"

"उठाचं काय, भाऊ," सुगराबी म्हणाली, "मी त जागीच असते."