दिवसातली एकच बोट

"बोट किती वाजता?" पाठीवरची सॅक सावरत शालनने तिसऱ्यांदा विचारलं. खिडकीतली तिकीटवाली आंबा सोलतच राहिली.

कॅरिबियनमधलं इवलंसं बेट, दिवसातली एकच बोट, आणि साठीची शालन एकटी. बोट चुकली की मुलगा म्हणणार, "सांगितलं होतं ना आई, एकटीला झेपायचं नाही!"

तेवढ्यात एक कोळी खिडकीशी आला. "गुड मॉर्निंग, मावशी!"

"गुड मॉर्निंग, बाळा!" तिकीटवाली म्हणाली.

मग त्याच्या गुडघ्याची विचारपूस, तिच्या कोंबड्यांची. आणि तिकीट त्याच्या हातात!

शालनने कपाळावर हात मारला. गावाकडे कुणी रामराम न करता पत्ता विचारला, तर तीही ऐकू न आल्यासारखं करायची!

ती मागे गेली. पुन्हा पहिल्यापासून.

"गुड मॉर्निंग, ताई. आंबा गोड आहे का?"

"आत्ता कशी माणसासारखी बोललीस!" तिकीटवाली हसली. तिकिटाबरोबर एक फोडही आली. "पळ, सुटेल बोट!"

बोटीत बसते तोच फोन वाजला. "आई, कुठेयस? मिळाली का बोट?"

"आधी गुड मॉर्निंग म्हण."

"अगं, इथे संध्याकाळ झालीय!"

"माझ्याकडे सकाळ आहे," शालन फोड चोखत म्हणाली.