श्वासाकडे लक्ष

"आई, डोळे मिटले तर बाळाचा श्वास कसा दिसेल?"

बाळंतपणाला आलेली माझी लेक तीन आठवडे धड झोपली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज दहा मिनिटं ध्यान सांगितलं होतं. मोबाइलमधली बाई मंजुळ आवाजात म्हणायची, "श्वासाकडे लक्ष द्या," आणि ही पाळण्यात वाकायची.

"अगं, स्वतःच्या श्वासाकडे! तू मीट डोळे. मी जपाला बसलेच आहे, बाळाकडे बघते. तीस वर्षांच्या नेमात माझं मन कधी ढळलेलं नाही."

तिने डोळे मिटले. मी माळ ओढू लागले. बाळाचं पोट वर आलं, एक मणी. खाली गेलं, दुसरा मणी. देवाचं नाव कधी सुटलं ते कळलंच नाही. मग पोट हलेनासं वाटलं. मी पाळण्यात कान घातला आणि नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचा श्वास रोखून धरला. बाळाने जांभई दिली.

दहा मिनिटं संपली. लेकीने डोळे उघडले, माझे फुगलेले गाल पाहिले आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा खळखळून हसली.

"देवाचं नाव नंतर घे गं आई," ती म्हणाली, "आधी श्वास घे."